डोंगराच्या धुपाटण्याची तेरा भोकं

१

ज्या वर्षी तुआन कारकुनाची लेक तिसऱ्यांदा माहेरी परत आली, आणि या खेपेला आपला कंगवासुद्धा बरोबर घेऊन आली, त्याच वर्षीच्या आठव्या महिन्यात ल्वो नदीकाठच्या बिंग घराण्यातली थोरली बाई अंथरुणात मेलेली सापडली.

आदल्या दिवशी पूर्वजांचा सण झाला होता. बाई सत्तरीच्या, पण स्वतःच्या पायांनी देवघरात गेल्या, नमस्कार केला, घोटभर दारू घेतली आणि झोपल्या. सकाळी दासी लियेन तोंड धुवायचं पाणी घेऊन आत गेली, पलंगाचे जाड पडदे बाजूला सारले आणि किंचाळली. बाईंचे गाल लालबुंद होते, जशी काही नवी नवरी. उशाशी हिरव्या झिलईचं मातीचं धुपाटणं होतं, डोंगराच्या आकाराच्या झाकणाचं. आत कोळशाची राख काठोकाठ भरलेली.

कोंडलेल्या कोळशावर माणूस झोपेतल्या झोपेत जातं, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक. धूप घालायचं काम लियेनचं. म्हणून लियेनला धरलं. तळपायांवर वेत ओढायला सुरुवात केली. चाळिसाव्या वेताला ती म्हणाली, "हो, मीच पेटवलं." एवढंसं बोलायला चाळीस लागले म्हणून शिपाई वैतागला होता, त्याला घरी जेवायला जायचं होतं.

मालकिणीला मारणाऱ्या दासीचं मुंडकं भर बाजारात उडवतात. पण त्याला हिवाळा लागावा लागतो, पिकं उभी असताना माणसं मारत नाहीत. तोवर कबुलीजबाब बांबूच्या पट्ट्यांवर नीट उतरवून ठेवायचा, आणि ते काम परगण्याच्या कचेरीत तुआनकडे होतं.

तुआन बावीस वर्षं हेच करत आला होता. जबाब लिहायचा, खाली वस्तूचं वर्णन लिहायचं: उंची इतकी, रंग असा, खोट असली तर कुठे. त्याने धुपाटणं पुढ्यात ओढलं. झाकणावर एकावर एक सुळके, सुळक्यांत वाघ, रानडुक्कर, धनुष्य ताणलेला शिकारी, आणि एका कड्यावर बसलेलं माकड. सुळक्यांच्या आड धूर बाहेर यायला भोकं. तुआनने बोट घालून एकेक मोजायला घेतलं. तेरा भोकं. तेराव्या भोकातून बोट काढलं तर टोकाला रक्त.

तो रक्ताकडे बघत राहिला. लहानपणी त्याची आई कुंभारवाड्यात भांडी घासायला जायची. भाजलेल्या भांड्याच्या भोकाची कड गुळगुळीत असते, झिलई वितळून आत उतरते. ते भोक बोट कापत नाही.

२

कुंभारवाडा गावाबाहेर, वाऱ्याच्या उलट अंगाला. खुआंग कुंभार साच्यातून सुळके काढून उन्हात मांडत होता. त्याचा एक डोळा भट्टीने खाल्लेला. दुसऱ्याने त्याने तुआनकडे पाहिलं.

"काय कारकून, स्वतःसाठी बघायला आलास? तुला स्वस्तातलं देतो. वाघ नाही, दोन डुकरं फक्त."

"माझ्या मागे कोणी रडणारं उरलं तर घेईन," तुआन म्हणाला आणि पिशवीतून धुपाटणं काढून ठेवलं. "हे तुझं?"

खुआंगने ते हातात घेतलं. आधी माकडावर अंगठा फिरवला. "माझंच. बिंग घरच्या थोरल्या बाईंनी सांगून करवून घेतलं. स्वतः गाडीत बसून आल्या होत्या. थडग्यात ठेवायचं सगळं सामान त्यांनी जिवंतपणी पसंत केलं: चूल, विहीर, कोठार, बदकं. माकड बघून म्हणाल्या, खुआंग, हे रडकं दिसतंय, याला हसव थोडं, मला तिथे कायमचं बघायचंय याच्याकडे." मग त्याने झाकण उजेडात धरलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ही भोकं कुणी पाडली?"

"तू नाहीस?"

"अरे, हे मेलेल्यांचं भांडं आहे. त्यांची चूल पेटत नाही, त्यांच्या विहिरीला पाणी नसतं, त्यांच्या धुपाटण्यातून धूर निघत नाही. वापरता येईल असं भांडं मेलेल्याला दिलं तर जिवंत माणूस मोह धरतो. माझ्या बापाने कधी भोकं पाडली नाहीत, मी पाडत नाही." त्याने भोकात नख खुपसलं, लाल माती निघाली. "बघ. वर हिरवं, आत कच्चं लाल. भट्टीतून निघाल्यावर पाडलीत. माती मऊ असते ही, सुताराचं भोक पाडायचं हत्यार असतं ना, सामता, तो दोरीने फिरवत, वरून पाणी सोडत बसलं तर पडतात. पण तेरा भोकं, झाकण न फुटता? अर्धा दिवस गेला असेल त्याचा. निवांत बसून केलेलं काम आहे."

"सामान तुझ्याकडून कधी गेलं?"

"महिना झाला. बिंगांचं थडगं बांधून तयार आहे टेकडीपाशी, तिथल्या खोपटात उतरवलं. घरात नाही नेत कोणी. जिवंत माणसाच्या घरात त्याच्या थडग्याचं भांडं नेणं म्हणजे त्याला 'चल' म्हणणं. बाईंना तर हे माझ्याहून जास्त माहीत. डोळे उघडे असते तर उशाशी ठेवू दिलं असतं त्यांनी?"

तुआनने धुपाटणं पिशवीत घातलं.

"आणि हे बघ," खुआंग म्हणाला, "तू माझ्याकडे आलाच नाहीस. मला एकच डोळा उरलाय."

३

लियेन कोठडीत भिंतीला टेकून बसली होती. वय छत्तीस. पाय पुढे पसरलेले आणि त्यांवर चिंध्या बांधलेल्या. तिने तुआनला पाहून पाय आखडायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"कारकूनकाका, अजून काही कबूल करायचं राहिलं का? सांगा, करते."

"टेकडीवरच्या खोपटात कधी गेली होतीस?"

"मी? मला वेशीबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. बाईंच्या थडग्याच्या सामानाबद्दलसुद्धा मी फक्त ऐकलंय. त्या माकडाचं सारखं सांगायच्या."

"मग हिरवं धुपाटणं?"

"सकाळीच पहिल्यांदा बघितलं. आमचं पितळेचं, मुठीएवढं. त्यात चिमूटभर दवणा घालते, झोप लागली की उचलून बाहेर ठेवते. त्या रात्रीही ठेवलं. हे मी पहिल्या वेतापासून सांगत होते. शिपाईदादा म्हणाले, दुसरं काहीतरी सांग."

"त्या संध्याकाळचं सांग. एकही गोष्ट गाळू नकोस."

लियेनने डोळे मिटले. "देवघरातून आल्या. दिवा लावला. त्यांचा तो काळा रेशमी झगा, लाल काठाचा, सणाचा, तो उतरवला, मी घडी घातली. पलंगाच्या पायथ्याशी पेटी आहे, तिच्यात ठेवला. कुलूप त्या स्वतः लावतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. किल्ली गळ्यातल्या दोऱ्याला. मग केस सोडले. मग म्हणाल्या, लियेन, तुझे हात थंडगार आहेत, मेलेल्या माशासारखे. मी म्हटलं, तुम्हीच कपडे धुवायला लावलेत. हसल्या. झोपल्या."

"तू कुठे होतीस?"

"दाराबाहेर, नेहमीसारखी. पण मीही मेल्यासारखी झोपले. सणाची उरलेली दारू धन्यांनी, बाईंच्या लेकाने, सगळ्या नोकरांना वाटली होती. दरवर्षी वाटतात, या वर्षी हात जरा सैल होता."

"सकाळी?"

"पडदा सारला आणि ओरडले. तिथेच पलंगाला धरून बसले. धाकट्या वहिनी येईपर्यंत मी हललेसुद्धा नाही." तिने डोळे उघडले. "काका, एक विचारू? तलवार चांगली धारेची असते ना? मागल्या वर्षी त्या घोडेचोराला तीन घाव लागले म्हणे."

तुआनने पिशवी उचलली. बाहेर आल्यावर त्याला कळलं की आपण पिशवी इतकी घट्ट धरली होती की बोटाची जखम पुन्हा उघडली.

४

बिंगांच्या अंगणात निंग सुतार शवपेटीच्या झाकणाला लाख चढवत होता. बाई हयात असतानाच पेटीचं काम सुरू झालेलं, त्यात वावगं काही नाही. चांगल्या घरी आईबापांची पेटी आधीच करून ठेवतात.

"सामता?" निंग म्हणाला. "आहे की. मधे दोन दिवस नव्हता. सणाच्या आधीच्या आठवड्यात. मला वाटलं मीच कुठे टाकला. मग आपसूक हत्यारांच्या पेटीत परत. पण टोकाला लाल माती. मी लाकूड भोकतो, विटा नाही भोकत."

"हत्यारांच्या पेटीपाशी कोण येतं?"

"घरातलं कोणीही. धनी येतात लाख बघायला. वहिनी येतात मला शिव्या द्यायला. शिडीसुद्धा अशीच नेली. सणाच्या संध्याकाळी धनी म्हणाले, छपराला लाव, कौलं सरकलीत. लावली. दुसऱ्या दिवशी बघा, केवढी उपयोगी पडली."

"ती कशी?"

"म्हणजे तुम्ही ऐकलं नाही? अख्खा परगणा बोलतोय." निंगने ब्रश खाली ठेवला. "दासी किंचाळली. मी इथेच होतो. धनी आपल्या खोलीतून बाहेर आले, केस मोकळे, अनवाणी. आईच्या खोलीकडे वळलेसुद्धा नाहीत, सरळ शिडीवर. छपरावर उभं राहून उत्तरेकडे तोंड करून तीन हाका मारल्या, आई परत ये, आई परत ये. दगडाला पाझर फुटावा असं. माझा बाप मेला तेव्हा आम्हाला हाका मारायचं आठवेपर्यंत दुपार झाली होती."

धन्यांची बायको, धाकटी सून, माजघरात तागाचं सुतकी कापड शिवत होती. नावाला धाकटी, वय पस्तिशीच्या पुढे. तुआनने सामत्याचं विचारताच तिने सुई थांबवली नाही.

"माझ्यावर संशय? घ्या की. अकरा वर्षं सासूबाईंनी मला जेवताना पाठ भिंतीकडे करून बसवलं. मूल झालं नाही म्हणून. मारायचंच असतं तर पहिल्या वर्षी मारलं असतं, आत्ता केस पांढरे झाल्यावर काय मिळणार?"

"तुम्ही खोलीत सगळ्यात आधी गेलात?"

"लियेननंतर मीच. ती फरशीवर बसलेली, बोंबलत. अंगाला हात लावून पाहिलं, गार. पुढे अंघोळही मीच घातली. गळ्यातली किल्ली मीच काढली, अजून माझ्याकडे आहे, बघा. जिवंतपणी जिला कधी हात लावू दिला नाही, ती मेल्यावर मिळाली." तिने दोरा तोडला. "अंघोळीच्या आधीच हे खाली आले रडत आणि सणाचा तो झगा सासूबाईंच्या अंगावर पांघरला. छान दिसलं. ह्यांना असं काही केलं की छानच दिसतं. दोनदा सच्चा पुत्र म्हणून नाव वर पाठवायचं ठरलं, दोनदा राहिलं. का, तर आई ठणठणीत. मागल्या साली पलीकडच्या गावच्या माणसाचं गेलं, त्याचा बाप वेळेवर मेला ना. तीन वर्षं थडग्यापाशी पेज पीत बसला, आता राजधानीत हुद्दा."

बाईंचा मुलगा, धनी बिंग याओ, स्वतः टेकडीपाशी गवताच्या झोपडीत बसला होता. अंगावर ताग, हातात काठी, पुढ्यात राळ्याची पातळ पेज. एकेचाळीस वर्षांचा, नीट, सभ्य माणूस. त्याने उठून तुआनला नमस्कार केला.

"तुआनबुवा, एवढ्या लांब चालत आलात. गुडघे कसे आहेत?"

"दुखतात. धनी, थडग्याच्या सामानातलं धुपाटणं घरी कसं आलं?"

"तेच तर. त्या दासीने कधी उचललं, देव जाणे. आईला मोह होता त्या माकडाचा, तिने मागवलं असेल, लियेनने आणलं असेल." त्याने पेजेचा घोट घेतला. "बिचारीला फार त्रास देऊ नका हो. माझी आई गेली, आता एका दासीच्या पायांनी ती थोडीच परत येणार आहे?"

तो हे बोलला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते अश्रू खरे होते. तुआनने बावीस वर्षांत पुष्कळ रडणारे पाहिले होते. त्याला त्या अश्रूंचंच भय वाटलं.

५

परतल्यावर परगण्याच्या अंमलदारांनी त्याला काम दिलं. बिंग याओची सच्चा पुत्र म्हणून शिफारस करणारं पत्र परवा सुभेदारांकडे रवाना झालं होतं. त्याची दप्तरातली प्रत कोणा नवशिक्याने बिघडवली होती, ती पुन्हा लिहायची. मूळ पत्र तुआननेच लिहिलं होतं. अंमलदार सांगत गेले, तो उतरवत गेला, तेव्हा त्याचं मन लेकीकडे होतं.

आता तो एकेक पट्टी लिहू लागला. पाचव्या पट्टीवर आलं: 'दासीचा आक्रोश कानी पडताच या पुत्राने क्षणाचाही विलंब केला नाही. आईच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी, तिचा काळा रेशमी झगा हाती घेऊन तो छपरावर चढला, व तिच्या जिवाला हाका मारल्या.'

तुआनने कुंचला खाली ठेवला.

जीव परत बोलवायचा तर मेलेल्याचं वस्त्र हातात लागतं, ते हलवून हाका मारायच्या. जिवाने आपलं वस्त्र ओळखून परत यावं म्हणून. हे कोणाला नवीन नाही, म्हणूनच कोणाच्या मनात आलं नाही. याओच्या हातात झगा असणारच. पुत्राच्या हातात झगा असतोच.

पण तो झगा आदल्या संध्याकाळी पेटीत गेला होता. पेटी बाईंच्या पायथ्याशी. कुलूप त्यांनी लावलं, किल्ली त्यांच्या गळ्यात. लियेन किंचाळली तेव्हा पेटीला कोणी हात लावला नव्हता. किल्ली तर अंघोळ घालेपर्यंत गळ्यातच होती. आणि याओ आपल्या खोलीतून निघून सरळ शिडीवर गेला. झगा त्याच्या हातात आला कुठून?

रात्रीच आला. लियेन दारू पिऊन झोपलेली. त्याने धुपाटणं पेटवून आत ठेवलं. झाकणाखालच्या निखाऱ्याचा उजेड दिसत नाही, आणि धूप म्हटला की पाप दासीच्या माथी. पितळेच्या मुठीएवढ्या भांड्यात माणूस मरेल इतका कोळसा मावत नाही, म्हणून थडग्यातलं थोरलं आणलं. त्याला भोकं नव्हती, कोळसा विझला असता, म्हणून पाडली. मग वाट पाहिली. सगळं शांत झाल्यावर आत जाऊन आईच्या गळ्यातली किल्ली काढली, झगा घेतला, कुलूप लावलं, किल्ली परत गळ्यात घातली. सकाळी धांदल नको. एखादा दुसरा माणूस सावकाश उठला असता, आत गेला असता, रडला असता, सुनेने किल्ली काढून झगा दिला असता, मग छपरावर चढला असता. कोणी नावं ठेवली नसती. पण याओला सगळ्यांत चांगला मुलगा व्हायचं होतं.

६

शिए अंमलदारांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी स्वतः भोकात बोट घालून पाहिलं.

"हे दासीचं बोलणं आहे."

"किल्लीचं सूनबाईंनी सांगितलं, सरकार. शिडीचं सुताराने. त्यांना आपण काय सांगतोय हे कळलं नाही, म्हणून खरं सांगितलं."

"म्हणजे सगळं जोडून पाहिलेलं कोणाला ठाऊक आहे?"

"मला आणि सरकारांना." खुआंगचं नाव तुआनने घेतलं नव्हतं.

"तुझी अक्कल मी आजवर फुकट घालवली, तुआन. आता मला सांग, आईला मारणारा मुलगा ज्या परगण्यात निपजतो, तिथल्या अंमलदाराचं काय होतं?"

"हुद्दा जातो."

"आणि त्या मुलाची शिफारस त्याच अंमलदाराने केलेली असली तर?"

तुआनने झाकणावरच्या माकडाकडे पाहिलं.

"तुझं अक्षर सुरेख आहे," शिए म्हणाले. "तुझ्याच अक्षरात गेलंय ते. पुढचं वाटोळं दोघांचं होईल." त्यांनी झाकण धुपाटण्यावर नीट बसवलं. "म्हातारी सत्तरीची. सणाची दारू प्याली. धुपाचा कोळसा जास्त झाला. कोणी मारलं नाही, वय झालं होतं. पण तू म्हणतोस ते एक खरं, दासीने काही केलं नाही. मी अन्यायी माणूस नाही. लिही."

तुआनने लिहिलं. दासी लियेन हिने अपराध केलेला नाही. जबाब वेतामुळे दिला गेला. सोडून द्यावी. लिहिताना त्याला छाती मोकळी झाल्यासारखं वाटत होतं. हिवाळ्याच्या बाजारात निदान एक मुंडकं कमी.

"सोडून द्यावी," शिए म्हणाले, "आणि मालकाच्या ताब्यात द्यावी."

कुंचला थांबला.

"सरकार, तो झगा पेटीत गेला हे तिला ठाऊक आहे. ती त्या घरात—"

"मग कुठे जाईल? ती त्यांची आहे, जशी त्यांची गाडी, त्यांचा बैल. तुझ्या घरी नेतोस?"

तुआनच्या घरी तीन खाटा होत्या आणि चार माणसं. बिंग घराण्याची दासी बिंग घराण्याने मागितली तर द्यावी लागते, हेही त्याला पाठ होतं. शाई सुकायला लागली तेव्हा शिए म्हणाले, "लिही," आणि त्याने लिहिलं.

७

बिंग याओ तिला न्यायला स्वतः आला. सुतकात तो कुठे जात नाही, पण यासाठी आला, आणि लोकांनी त्याचंही कौतुक केलं. ताग नेसलेला, काठी टेकत. गाडीत गवत पसरून आणलं होतं, तिच्या पायांना लागू नये म्हणून.

"आईच्या हाताखालचं माणूस," तो तुआनला म्हणाला. "पुरण्याआधी आईला तिने एकदा बघावं. तुमचे उपकार झाले, तुआनबुवा."

शिपायाने लियेनला उचलून गाडीत ठेवलं. तुआन जवळ गेला. आपण काय म्हणणार आहोत ते त्याला ठाऊक नव्हतं.

"कारकूनकाका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही मला त्या संध्याकाळचं विचारत होतात तेव्हा झग्याचं माझ्या ध्यानात नाही आलं. नंतर आलं. एवढे दिवस पडून होते, काय करणार दुसरं." तिने याओच्या पाठीकडे पाहिलं. "बाजारात मरू दिलं असतंत तर चार लोकांनी बघितलं तरी असतं."

याओने बैलाला हाक दिली.

चौथ्या दिवशी बिंग घराकडून कचेरीत वर्दी आली. दासीला मालकिणीचा विरह सोसला नाही, तिने स्वतः गळफास घेतला, अशी स्वामिभक्ती आजकाल दिसत नाही, तिला थडग्याच्या बाहेर कोपऱ्यात जागा देऊ. नोंद तुआनने केली.

बिंग घराण्याची थोरली बाई आठव्या महिन्याच्या नवव्या दिवशी पहाटेपूर्वी वारली. दासी लियेन, वय छत्तीस, त्याच वर्षी नवव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, घरी परत गेल्यावर तिसऱ्या रात्री मेली.